स्वतःशी मायेने बोलू लागल्यावर रडू का वाढते?

आपण विचारले आहे की, नाते तुटल्यानंतर स्वतःला दोष देणे थांबवून स्वतःशी मायेने बोलायचा प्रयत्न केला की बरे वाटण्याऐवजी रडूच अधिक येते. मग हा मार्ग चुकतो आहे का, आणि हे स्वतःचे लाड तर नव्हेत? मी आधी रडण्याविषयी लिहिते, कारण बहुतेक माणसे तिथेच हा प्रयत्न सोडून देतात.

घटस्फोटानंतर मी कळव्याला माहेरी परतले. 'जरा सांभाळून घेतले असतेस तर' हे एका नातेवाइकांचे वाक्य पुढे माझ्याच आवाजात ऐकू येऊ लागले. ठाणे स्टेशनच्या पुलावर, ऑफिसात, रात्री कूस बदलताना. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांचे म्हणणे असे, की बाहेरच्या धोक्याने शरीरात जी यंत्रणा जागी होते, तीच आपण स्वतःला धारेवर धरतो तेव्हाही जागी होते. समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून एका संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी बसून, छातीवर हात ठेवून, 'तुला फार लागले आहे' एवढेच मी मनात म्हटले आणि ओढणीत तोंड लपवावे लागेल इतके हुंदके आले.

क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर हे अभ्यासक यासाठी अग्निशमन दलाचा दाखला देतात: बंद खोलीत आग धुमसत असताना दार एकदम उघडले, तर हवा आत शिरून भडका उडतो. माया मिळताच, ती न मिळाल्याची जुनी दुःखे अशीच उफाळून येतात. त्यामुळे आपले रडू हे मार्ग चुकल्याचे लक्षण नाही. मात्र ते सोसवेनासे झाले, तर शब्द तिथेच थांबवावेत, पावलांच्या तळव्यांना लागणाऱ्या जमिनीकडे लक्ष न्यावे, उठून चहा टाकावा आणि पुन्हा केव्हातरी थोडाच वेळ बसावे.

लाडांविषयीची शंका मात्र मला पटत नाही. नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची जी मांडणी केली, तीत स्वतःशी ममत्व, दुःख सर्वांच्याच वाट्याला येते ही जाण आणि दुःख न फुगवता, न दडपता पाहणे असे तीन भाग आहेत. 'तुझेच नशीब फुटके' असे ऐकवणाऱ्या आपल्या घरांत यांतल्या दुसऱ्या भागाची गरज मला सर्वाधिक वाटते. शिवाय बर्कली विद्यापीठातील संशोधकांच्या २०१२ च्या एका प्रयोगात, चाचणीत अपयश आल्यावर स्वतःकडे करुणेने पाहण्यास सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या चाचणीसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला होता.

झोप आणि जेवण उडाले असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हे एकट्याने करू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. समुपदेशकाकडे जाल तेव्हा 'मायेने बोलले की रडू आवरत नाही' हे पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे किती सावकाश पुढे जायचे ते त्यांना ठरवता येईल.