वनड्राइव्हवरची एक्सेल पॉवर बीआयला जोडताना

पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या दुकानांची विक्री एकाच एक्सेल फाइलमध्ये येते ना? मग ती पॉवर बीआयला (आकड्यांचे आलेख नि रिपोर्ट बनवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) जोडायचं अर्धं काम झालंच म्हणा. नवखे बहुतेकदा चुकतात ते इथे: वनड्राइव्हच्या, संगणकावर सिंक झालेल्या (म्हणजे प्रत उतरलेल्या) फोल्डरमधून फाइल उचलतात. मग जोडणी सी ड्राइव्हशी होते, क्लाउडशी नाही, आणि रिपोर्ट प्रकाशित केल्यावर आपोआप रिफ्रेशसाठी गेटवे (संगणकावरचा डेटा क्लाउडला पोचवणारा प्रोग्रॅम) लागतो.

ऑफिसच्या खात्यावरचं वनड्राइव्ह असेल तर असं करा:

1. फाइल डेस्कटॉप एक्सेलमध्ये उघडा. फाइल, इन्फो, कॉपी पाथ. (शेअरची लिंक नको, ती चालत नाही.)
2. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर तिथपासून पुढचं सगळं खोडा.
3. पॉवर बीआय डेस्कटॉप उघडून गेट डेटामध्ये ‘वेब’ निवडून पत्ता चिकटवा, ऑर्गनायझेशनल अकाउंटने साइन इन करा.

त्याआधी डेटाला कंट्रोल-टी दाबून टेबल करून घ्या. नंतर कोणी ‘रक्कम’चं ‘एकूण रक्कम’ केलं की रिफ्रेश अडतो, तेव्हा कॉलमची नावं बदलू नका असं सगळ्यांना बजावा.

तारखा मजकूर म्हणून येत असतील तर पॉवर बीआयमध्ये त्या कॉलमचा प्रकार बदलताना ‘युझिंग लोकेल’मधून इंग्लिश (इंडिया) निवडा, नाहीतर 3 जुलैची विक्री गुपचूप 7 मार्चला जाऊन बसते. आणि ‘म्हापसा’, ‘मापसा’ असं दोन्ही लिहिलंत तर आलेखात दोन खांब दिसणार!

पॉवर बीआय डेस्कटॉपवर आकडे आपोआप बदलत नाहीत, रिफ्रेश दाबावं लागतं.