पेडल खाली गेलं म्हणून डिस्क बदलू नका

या खेपेचे बहुतेक प्रश्न ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांचे आहेत. नागपूरकराला चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक काय नि दिल्लीजवळचा ग्रेटर नोएडाचा काय, एका बाजूचे हजारेक किलोमीटर ठरलेले. म्हणजे ज्या ब्रेकवर ट्रॅक मारायचा, त्याच ब्रेकवर घरीही यायचं आहे. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पोलोला पुढे भोकांच्या डिस्क बसवू का? दुकानदार म्हणतो, थंड राहतात. (मानेवाडा)

अलॉयच्या आड छान दिसतात, एवढं खरं. जुन्या काळचे पॅड तापले की गॅस सोडायचे, त्याला वाट मिळावी म्हणून ही भोकं आली. आताच्या पॅडना तो त्रास फारसा नाही. उलट भोक पाडलं तेवढं लोखंड कमी झालं, आणि डिस्कचं निम्मं काम उष्णता पोटात घेण्याचंच आहे.

हिशेब करून बघा. हजार किलोची गाडी ताशी 150 वरून 60 वर आणली की सुमारे 7.3 लाख ज्यूल उष्णता तयार होते. त्यातली 70 टक्के पुढच्या चाकांवर गेली आणि पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलोच्या धरल्या, तर एकाच ब्रेकला त्या शंभरेक अंशांनी तापतात. त्या निवायच्या आत पुढचं वळण येतं. या तापण्या-निवण्यात भोकांच्या कडेला बारीक तडे पडतात. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत तडा पोचलेला दिसला की ती डिस्क भंगारात.

साधी, बिनभोकांची, चांगल्या कंपनीची व्हेंटेड (आतून हवा खेळणारी) डिस्क घ्या. खाचांची चालेल, पण ती पॅड लवकर खाते. त्याआधी जुनी किती उरली ते मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मोजायला मायक्रोमीटर हवा. व्हर्नियरचा जबडा कडेच्या न झिजलेल्या ओठावर अडतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो.

चौथ्या लॅपला पेडल पार खाली गेलं. दहा मिनिटं उभी ठेवल्यावर ठीक. डिस्क मोठ्या करू? (त्रिमूर्तीनगर)

नाही हो. डिस्कला हात लावू नका, तुमचं ब्रेक ऑइल उकळलं.

ओळखायची खूण सोपी आहे. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून बाद झालेत. पेडल स्पंजासारखं होऊन खाली जातं, तर ऑइलची वाफ झाली. वाफ दाबली जाते, मग पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4, 5.1 हे ऑइलचे दर्जे. ताजं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ती हमी 155 वर येते. डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180 आहेत. रेसिंगचं ऑइल 300 च्या वर जातं. मोटुल आरबीएफ 600 ताजं असताना 312. तुमच्या गाडीत दोन वर्षांचं डॉट 4 आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग दुसरं काय होणार?

सगळं ऑइल बदला, नुसती टाकी वरून भरून भागणार नाही. चाकाजवळच्या ब्रेकवर ऑइल सोडायचा निपल असतो, त्याला पारदर्शक नळी लावा, तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने निपल सोडायचा आणि पाय उचलायच्या आत बंद करायचा. काळपट जाऊन फिकट ऑइल आलं आणि बुडबुडे थांबले की त्यानंतरचं चाक घ्या. टाकी मात्र मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर एअर काढता काढता तुम्हीच आत एअर भराल.

मग डॉट 5 टाकलं तर आणखी चांगलं ना? (जरीपटका)

आकड्यावर जाऊ नका. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते 3, 4 किंवा 5.1 मध्ये मिसळत नाही. तुमच्या गाडीत ते नकोच.

ट्रॅकवरून आल्यापासून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक म्हणतो, डिस्क वाकडी झाली. (हिंगणा रोड)

खरोखर वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेकदा पॅडचा माल डिस्कवर डागाडागांनी चिकटलेला असतो. मी स्वतः हे करून बसलोय: लाल झालेले ब्रेक घेऊन पिटमध्ये आलो आणि सवयीने पेडल दाबून उभा राहिलो. पॅडचा छापच उमटला डिस्कवर, चौकोनी, अगदी शिक्का मारल्यासारखा. शेवटचा लॅप हळू मारा, थांबल्यावर पेडल सोडा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा. आता आधी रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क किती डोलते ते, मोजून घ्या, ते ठीक असेल तर लेथवर हलकं फेसिंग (वरचा पातळ थर काढणं) पुरेल. त्यानंतरही जाडी किमानपेक्षा जास्त उरली पाहिजे.

नागपूरच्या उन्हात वेगळं ऑइल लागतं का? (कामठी)

नवतपातले 45 अंश आपल्याला मारतात, पाचशे अंशांच्या डिस्कला त्याचं काय! ऑइलचा खरा वैरी आपला ऑगस्ट आहे. हवेत ओल असते आणि गॅरेजात झाकण उघडी बाटली फळीवर पडलेली असते. गेल्या वर्षीची अर्धी बाटली ट्रॅकसाठी वापरू नका, लहान बाटली घेऊन त्याच दिवशी संपवा. आणि रंगावर थेंब सांडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. बॉनेटचा रंग सोलून निघतो.