जुन्या स्मरणिकेतले शब्द

प्रश्न : वाचनालयाची जुनी स्मरणिका पुन्हा छापतोय. तीत आफ्रिकी वंशाच्या सिद्दींना ‘निग्रो’, ‘हबशी’ म्हटलंय. तेव्हा चालायचं, मग आता का खटकतं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कारण शब्दाला वापराचा डाग लागतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात ‘निग्रो’च आहे, तेव्हा तो सभ्य शब्द होता. १९६६ पासून चळवळीतल्या तरुणांनी ‘ब्लॅक’ हे नाव स्वतः उचललं आणि जुना शब्द गोऱ्या-काळ्यांसाठीच्या वेगळ्या बाकांच्या, वेगळ्या नळांच्या काळाला चिकटला. २०१६ मध्ये तो अमेरिकेच्या संघीय कायद्यांतूनही काढला. ‘हबशी’ म्हणजे मुळात हबशाणचा, अ‍ॅबिसिनियाचा (आजच्या इथिओपियाचा) माणूस. आपल्याकडे रंगावरून हिणवायला तो सर्रास वापरला, तिथंच बिघडला. अनुसूचित जमातींच्या यादीतही नाव ‘सिद्दी’च आहे, २०२० मध्ये बेळगाव-धारवाडचे सिद्दीही तीत आले.

तुमच्या नव्या मजकुरात, मथळ्यांत, फोटोखालच्या ओळींत ‘सिद्दी’ लिहा. जुना लेख मात्र बदलू नका. त्याच पानावर तळटीप द्या : मूळ छपाईचं वर्ष, आणि हा शब्द आज अपमानास्पद मानला जातो एवढंच. संगणकावर सरसकट शब्द बदलू नका, जुनी अवतरणंही बदलतात. छपाईआधी मुद्रितं तालुक्यातल्या सिद्दी वाचकांना जरूर दाखवा.