स्थानक जवळ आले तर गेलेल्या जमिनीची भरपाई होते का?

बेळगाव–कित्तूर–धारवाड या नियोजित 73 किलोमीटरच्या रेल्वेमार्गासाठी नंदिहळ्ळी परिसरातील पिकाऊ जमीन गेली, तर जवळच्या स्थानकामुळे ते नुकसान भरून निघेल का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे खानापूर–बेळगाव पास काढून प्रवास केला आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

स्थानकाचा उपयोग तिथे कोणती गाडी किती वाजता थांबते, यावर ठरतो. सकाळच्या पॅसेंजरला खानापूरच्या बायका जांभळांच्या, करवंदांच्या बुट्ट्या दाराशी रचून, वर ओली पाने झाकून बसत. गाडी वेळेवर पोहोचली तर मालाला भाव मिळे. तासभर रखडली की पडेल त्या भावाने बुट्टी रिकामी करावी लागे. कोरोनानंतर पॅसेंजर एक्स्प्रेस म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडे 10 रुपयांवरून 30 झाले, ते 2024 मध्ये पुन्हा उतरले. बुट्टीमागे सुटणाऱ्या पैशांचा विचार केला, तर हा फरक लहान नव्हता. म्हणून इमारतीपेक्षा सकाळ-संध्याकाळच्या थांब्याचा आग्रह आधी धरा.

अंतराचेही तसेच आहे. आपल्याच जिल्ह्यातील चिकोडी रोड आणि गोकाक रोड या नावांतला ‘रोड’ गाव दूर असल्याचे सांगतो. तिकिटात वाचलेले पैसे मग वडापला, म्हणजे गावापर्यंत नेणाऱ्या खासगी जीपला जातात.

मला सर्वांत जास्त खुपते ते हे, की जमीन एकाची जाते आणि भाव वाढतो तो शेजारच्या, न गेलेल्या जमिनीचा. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभाव मुद्रांकाच्या दरावरून किंवा नोंदलेल्या खरेदीखतांवरून काढतात आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढीच आणखी भर, मिळते; परंतु खरेदीखतात कमी रक्कम दाखवण्याची जुनी सवय इथे अंगाशी येते. भावांची वाटणी तोंडी झाली असेल, तर उताऱ्यावर नाव नसलेल्याला मोबदल्यासाठी खेटे घालावे लागतात. नोटीस कन्नडमध्ये येते. ती जाणकाराकडून त्याच दिवशी वाचून घ्या, कारण हरकतीची मुदत मोजकी असते.

हरकत लिहिताना केवळ विरोध नोंदवून थांबू नका. रुळांमुळे शेताचे दोन तुकडे होणार असतील, तर ट्रॅक्टर आणि उसाची गाडी पलीकडे कुठून जाणार, हे सर्व्हे नंबरासह विचारा. भुयारी मार्ग मागत असाल, तर त्याची उंची आणि पावसाचे पाणी बाहेर काढण्याची सोय नकाशावरच दाखवून मागा. आपल्याकडच्या पावसात खोलगट भुयारी मार्गात पाणी साचले, तर ऐन रोपलागणीत पलीकडचे शेत तोडल्यासारखे होईल.