उपआदेशानंतरचा पर्याय

प्रश्न: आर्गपार्स (आदेश-ओळीवर लिहिलेले शब्द वाचणारे पायथनचे मॉड्यूल) वापरून केलेल्या माझ्या प्रोग्रामात 'व्हर्बोज' हा पर्याय 'यादी' या उपआदेशाआधी लिहिल्यास चालतो, नंतर लिहिल्यास मात्र अनोळखी ठरतो. असे का?

उत्तर: उपआदेश दिसताच त्यापुढचे शब्द त्याच्या स्वतंत्र पार्सरकडे, म्हणजे शब्दांचा अर्थ लावणाऱ्या भागाकडे, जातात आणि त्या पार्सरला मुख्य पार्सरचे पर्याय ठाऊक नसतात. सामायिक पर्याय 'ॲड हेल्प' (मदतीचा पर्याय आपोआप जोडणे) बंद ठेवलेल्या वेगळ्या पार्सरमध्ये घालून तो पार्सर प्रत्येक उपआदेशाला 'पेरेंट्स'मधून (दुसऱ्या पार्सरचे पर्याय घेण्याची सोय) द्यावा. तोच पर्याय मुख्य पार्सरलाही ठेवायचा असेल, तर उपआदेशाकडील प्रतीचे डिफॉल्ट मूल्य 'सप्रेस' (पर्याय न दिल्यास मूल्यच न नोंदवणे) असे ठेवावे. अन्यथा आधी दिलेले मूल्य निमूटपणे पुसले जाते, आणि ही चूक शोधणे फार त्रासाचे असते. शिवाय पायथन ३मध्ये उपआदेश मुळात ऐच्छिक असतो, म्हणून ३.७पासून उपलब्ध असलेले 'रिक्वायर्ड' (उपआदेश सक्तीचा करणारे) अवश्य लावावे.