बाबांना काही कमी नाही, तरी करमत का नाही?

"मॅडम, स्वतंत्र खोली दिलीय, टीव्ही दिलाय, जेवणखाण वेळेवर होतं. आम्ही आणखी काय करायचं?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या, वाकडला राहणाऱ्या एका मुलाचा हा प्रश्न. वडील शेजारीच मान खाली घालून बसले होते. काका एसटीत कंडक्टर होते, सातारा जिल्ह्यात. काकू गेल्यावर मुलाने त्यांना अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आता रात्री सारखी जाग येते, छाती भरून येते. ईसीजी, टूडी इको, सगळं नॉर्मल. त्यामुळे मुलाला हळूहळू वाटू लागलं होतं की बाबा नाटक करतात.

नाटक नव्हतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 2020 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्या मुलाला सांगितला. 40 जणांना एक दिवस दहा तास उपाशी ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास एकटं. भेटायला कोणी नाही, फोनही नाही. नंतर उपाशी माणसाला जेवणाचे फोटो दाखवल्यावर मेंदूच्या मध्यभागातली जी जागा चाळवली, तीच जागा एकट्या ठेवलेल्या माणसाला गप्पा मारणाऱ्या लोकांचे फोटो दाखवल्यावर चाळवली. म्हणजे माणसांची भूक शरीराला खरोखरच लागते. काकांची ती भूक नोकरीत रोज भागत होती. दिवसभर शेकडो लोकांशी "कुठं जायचंय?", "सुट्टे द्या", "पुढं सरका". याला आपण संवाद म्हणत नाही, पण मेंदू म्हणतो.

मुलाने उपाय केला नव्हता असं नाही. ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं होतं. काका अर्ध्या तासात परत आले. "त्यांचे गट आधीच ठरलेत. मी बसलो तर गप्पच झाले सगळे." ते खरंच गप्प झाले होते का, कोण जाणे. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी एकटेपणावर अनेक वर्षं संशोधन केलं. फार काळ एकटा राहिलेला मेंदू सावध होतो, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आधी नकार शोधतो. झोपही त्यामुळेच तुटक होते, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाला एकदम वीस अनोळखी लोकांत नेऊन बसवलं की तो आणखी मिटतो. 'लोकांत मिसळा' हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

काकांची दुसरी तक्रार मुलीबद्दल होती. ती नाशिकला असते. त्यांनी फोन उघडून दाखवला: यांचे लांबलचक मेसेज आणि खाली तिचा पिवळा अंगठा. पुन्हा मेसेज, पुन्हा अंगठा. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ताण आलेल्या लहान मुलींवर एक अभ्यास झाला. आईचा आवाज फोनवर ऐकला की ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, उतरायचं आणि जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, ऑक्सिटोसिन, वाढायचं. आईशी नुसत्या मेसेजवर बोललेल्या मुलींमध्ये तसं झालं नाही. हा अभ्यास मुलींवरचा आहे, वृद्धांवरचा नव्हे, पण मुलीला फोन करून "अंगठा नको, पाच मिनिटं बोल" एवढं सांगायला मला तो पुरला.

काकांना मी एकच काम दिलं: रोज खाली उतरून एका माणसाशी बोलायचं, नाव विचारून. "वॉचमनशी काय बोलायचं?" म्हणून ते चिडलेच. वॉचमन निघाला उदगीरचा. त्याच्या गावची रातराणी कोणत्या डेपोची, यावर दोघांचा वाद झाला आणि काका वरून जुनं वेळापत्रक घेऊन आले! मग नातवाला स्कूल बसपर्यंत सोडणं त्यांनीच मागून घेतलं.

झोप सुधारली आहे, पूर्ण नाही. काकूंचं दुःख वेगळं आहे, ते वॉचमनशी बोलून जाणारं नव्हे. त्यासाठी आमच्या बैठका चालू आहेत. जेवण सुटणं, वजन उतरणं, 'आता जगून काय करायचं' असं बोलणं यांतलं काही दिसलं असतं, तर मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या घरीही ते दिसलं तर थांबू नका. संघात काका अजून जात नाहीत, आणि मी मुलाला तो विषय काढू नको म्हणून सांगितलं आहे.