दोन गोळ्या चुकल्या म्हणून कान गेला का?

"सकाळी फोन उजव्या कानाला लावला, तर आवाजच नाही. नेटवर्क गेलं असेल म्हणून ठेवणार होते. सहज डाव्या कानाला लावला, तर बहीण केव्हाची बोलतेय!"

पस्तिशीतल्या त्या बाई तिसऱ्या दिवशी आल्या. दोन दिवस मळ असेल म्हणून कानात थेंब टाकण्यात गेले होते. (ही थेंबांची गोष्ट इतक्यांदा ऐकलीय, की आता चिडायचंही सोडून दिलंय.) ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, उजव्या कानाची रेघ 60 डेसिबलपाशी घसरलेली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी स्टेरॉइड सुरू केलं आणि रडू थांबेना म्हणून माझ्याकडे पाठवलं.

रडण्याचं कारण वेगळंच निघालं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. गेल्या आठवड्यात प्रवासात दोन गोळ्या राहिल्या. "तीच गुठळी वर गेली ना? माझ्याच हलगर्जीपणानं?"

शंका वेडगळ नव्हती. आतल्या कानाला रक्त नेणारी धमनी बारीक आणि एकुलती एक; ती तुंबली तर दुसरी वाट नाही, आणि ऐकण्याच्या पेशींना प्राणवायूचा खंड जराही सोसत नाही. पण पायातली गुठळी सुटली तर ती आधी फुफ्फुसात अडकते, कानापर्यंत सहसा पोचत नाही. शिवाय अचानक गेलेल्या ऐकण्याचं नेमकं कारण बहुतेक रुग्णांत सापडतच नाही. गुठळी होण्याच्या आनुवंशिक दोषांचा याच्याशी संबंध आहे का, यावरचे अभ्यासही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून या तक्रारीत सरसकट रक्त गोठण्याच्या चाचण्या करत नाहीत, गुठळी विरघळवणारी औषधंही देत नाहीत. एमआरआय मात्र सांगतात, श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला.

"मग आजपासून दोन-दोन गोळ्या घेऊ?"

इथे मी आवाज चढवला, खरं सांगते. डोस मनानं वाढवला की रक्तस्रावाची भीती. त्यांची गोळी वॉरफरिन होती आणि स्टेरॉइडनं तिचा परिणाम बदलू शकतो. तेव्हा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) लवकर तपासायला हवा होता. कानाच्या आणि गुठळीच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं ठाऊकच नव्हती! चिठ्ठी लिहून दिली. चेहरा वाकडा झाला, जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले किंवा तोल जाऊन उभं राहवेना, तर माझी वाट न बघता तडक इमर्जन्सीत जायचं, हेही त्यात लिहिलं.

दुसराही कान जाईल का, हे त्यांनी तीनदा विचारलं. दोन्ही कान एकदम जाणं विरळा, असं तीनदा सांगितलं.

स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर जास्त. त्या वेळेत आल्या होत्या. पुढच्या ऑडिओग्राममध्ये रेघ अर्धी वर आली. कानात वाजणारी शिट्टी अजून आहे, रात्री जास्त. गोळ्यांची डबी आता पर्समध्ये असते. माझ्यासमोर बसल्यावर त्या उजव्या कानाजवळ चुटकी घासतात, थांबतात, पुन्हा घासतात.